गाउन लांब होत गेला

शिलाईवालीचा स्वतःचाच गाउन जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा नवरा म्हणाला, "एवढी वर्षं मशीन चालवतेस आणि स्वतःचं माप चुकतं?" तिने खालची कड दोन बोटं दुमडून शिवली. सहा महिन्यांनी आणखी दोन बोटं. सासूबाईंनी अंथरुणातून निदान केलं, "धुऊन धुऊन कापड सैलावतं गं." सुनेला आलेलं पोक त्यांना रोज दिसत होतं, पण शिवणाऱ्या बाईला पोक येणारच, असं त्यांचं मत होतं.

मग वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना. "फळी कोणी वर सरकवली?" तिने विचारलं, आणि घर पोट धरून हसलं. पाठ दुखते, हे ती चार वर्षं सांगत होती. त्यावर कोणी हसलं नव्हतं, कारण कोणी ऐकलंच नव्हतं.

एका सकाळी सासूबाईंची गादी उन्हात टाकायला नेताना गाउन पायात आला. ती हातावर पडली आणि मनगट कटकन मोडलं.

"एवढ्याशा पडण्याने?" आपली फसवणूक झाल्यासारखा नवऱ्याचा चेहरा झाला.

डॉक्टरीणबाईंनी मनगटाबरोबर पाठीचाही फोटो काढायला लावला. भिंतीशी उभं करून उंची मोजली.

"पूर्वी किती होती?"

"पाच फूट दोन."

"आता चार फूट अकरा. मणक्याची तीन हाडं दबून मोडलीत, जुनीच. कधी पडला होतात?"

"पडले नाही. गाद्या उचलल्या, बादल्या उचलल्या, सासूबाईंना उचललं."

"हाडं ठिसूळ झालीत. पाठ दुखायला लागली तेव्हाच यायचं."

नवरा तिच्याकडे वळला. "अगं, मग सांगायचंस की!"

तिला हसू आलं, पण हसण्यानेही पाठीत कळ गेली.

"वजन उचलायचं नाही, रोज चालायचं," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ही गोळी सकाळी उपाशीपोटी. मग अर्धा तास ताठ बसायचं. खायचं नाही, वाकायचं नाही. बाकी चिठ्ठीत आहे."

"मग सकाळचा चहा?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला येत नाही?"

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. तरी रोज सकाळी ती खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसते. आत नवरा दूध उतू घालवतो, सासूबाई अंथरुणातून साखरेची चुकीची जागा सांगतात. हाक आली की ती घड्याळाकडे बोट दाखवते.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. चिठ्ठीत ठळक अक्षरांत लिहिलंय. पण तिचं दुखणं वाचून बघायची त्या घरात कोणाला सवय नाही.