मुनीबच्या नेट कॅफेतला भूकंप

रविवारी लालमहंमद चाचा येणार होते आणि शुक्रवारी मुनीबच्या नेट कॅफेतले सगळे कम्प्युटर एकदम आजारी पडले. एक कोपऱ्यातला तेवढा धुगधुगी धरून होता, पण तोही चालू केला की स्वतःच्या मनानं बंद व्हायचा. लातूरच्या ट्यूशन एरियात जितकी पोरं तितके पेनड्राइव्ह, आणि जितके पेनड्राइव्ह तितके व्हायरस. त्यातही वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीचा क्लास घेणाऱ्या गुरुलिंग सरांचा पेनड्राइव्ह म्हणजे कहर. तो टेस्टचे पेपर छापायला यायचा, व्हायरस ठेवून जायचा आणि जाताना पेपरही गायब करून जायचा.

एरवी मुनीबनं दोन दिवस शटर ओढलं असतं. पण लालमहंमद चाचा म्हणजे बुशराचे अब्बा. बुशराला मुनीबनं एका लग्नात, वलीम्याच्या जेवणावळीत पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. चाचांचं लातूरजवळच्या मुरुडात चपलांचं दुकान, माणूस रोखठोक. त्यांनी निरोप धाडला होता, "कॅफे-बिफे आपल्याला कळत न्हाई. मी येऊन बसणार. दुकान चालताना डोळ्यांनी बघणार. चालत आसंल तर पोरगी देतो, न्हाई तर सलाम."

आता बंद कम्प्युटरांच्या रांगेत सासऱ्याला बसवून काय दाखवायचं, कपाळ? मुनीबनं नांदेडला मावसभावाला फोन लावला आणि अक्षरशः रडायचा बाकी राहिला. जावेद नांदेडात कम्प्युटर दुरुस्त करायचा. शनिवारी सकाळच्या एसटीनं तो उतरला, तो खिशात फक्त एक सीडी घेऊन.

"हे काय?" मुनीबनं विचारलं.

"उबुंटू."

"औषध हाय का गाव?"

"लिनक्स हाय बे. कम्प्युटरची आख्खी सिस्टीमच बदलून टाकायची. फुकट हाय."

"फुकट? मंग नको. फुकटातलं कधी टिकलंय?"

"ऐक तर. याला सहसा व्हायरस लागत न्हाई."

मुनीब जरा सावरून बसला. "गुरुलिंग सरांचा पेनड्राइव्ह लावला तरी?"

"गुरुलिंग सरांचा लावला तरी."

"कर मंग! बघत काय राहिलास!"

दुपारपर्यंत सगळे कम्प्युटर उठून बसले. जे जुने डबडे भंगारात द्यायचे म्हणून मुनीबनं बाजूला काढले होते, तेही तुरुतुरु चालायला लागले. मुनीबला धास्ती होती, पोरांना हे नवं खटलं जमेल का? "माऊस धरता येतो का? मंग झालं," जावेद म्हणाला आणि झालंही तसंच. पोरं आली, बसली, इंटरनेट उघडलं, मराठीत अर्ज टाइप केले आणि उठून गेली. आपण काही वेगळं वापरलं याचा एकालाही पत्ता नव्हता.

इथं थांबला असता तर जावेद शहाणा ठरला असता. पण त्याच्या अंगात आलं. "सासरे येणार म्हणजे काउंटरच्या कम्प्युटरला जरा नूर पाहिजे," असं म्हणून त्यानं सजावटीचा एक पर्याय पार टोकाला नेऊन ठेवला. मग पडद्यावरची विंडो माऊसनं धरून ओढली. ती अशी लवलवली, अशी थरथरली, की ताटात काढलेली खरवसाची वडीच.

"व्वा!" मुनीब पोरासारखा टाळ्या पिटत म्हणाला. "उद्या चाचांना हेच दावतो."

जावेद नांदेडचा, त्याचं एक वेळ सोडून देऊ. पण मुनीब तर लातूरचा होता. थरथरणारी वस्तू कुणाला दाखवावी आणि कुणाला नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. भूकंपाला सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी लातूरचा माणूस आधी पंख्याकडे बघतो, पंखा हलतोय का म्हणून. प्रेमात पडलेल्या माणसाला पंखे दिसत नाहीत, दुसरं काय.

रविवारी कॅफे गच्च भरला. चाचा आले, सोबत खातूनबी, बुशराची अम्मी. खातूनबींचे गुडघे दुखायचे, त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. चाचांनी सवयीनं चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि काउंटरपाशी बसून गिऱ्हाइकं न्याहाळायला लागले. शेजारीच गौरम्मा उभ्या होत्या, निलंग्याकडच्या. पोरगी अंजू बारावीला म्हणून त्या गाव सोडून इथं खोली घेऊन राहिल्या होत्या. भूकंपात त्यांचं घर बसलं होतं, त्यामुळे खोली शोधताना त्यांनी भाडं विचारलं नव्हतं की नळ विचारला नव्हता, फक्त "तळमजला हाय ना?" एवढं विचारलं होतं.

"गर्दी तर बरी हाय," चाचा हळूच म्हणाले. मुनीब लगेच पुढं सरकला.

"चाचा, इकडं बघा, गंमत दावतो."

चाचांनी चष्मा सावरून पडद्याला नाक लावलं. मुनीबनं विंडो धरली आणि दिली ओढून. नेमक्या त्याच घडीला वर गुरुलिंग सरांचा तास सुटला आणि शे-दोनशे पोरांनी एकदम बाकं सरकवली. धडडडड! पडद्यावर अक्षरं डुलतायत, डोक्यावर छत गडगडतंय.

"हाललं!" गौरम्मा किंचाळल्या. "हाललं गं बया! अंजे, भायेर पळ!"

"या अल्ला! जलजला!" चाचांनी जी उडी मारली ती थेट दारात. वय पंचावन्न, पण त्या क्षणी कुणी शर्यत लावली असती तर पहिला नंबर त्यांचाच होता. पाठोपाठ सगळा कॅफे. जिन्याखाली वरची पोरं भेटली, त्यांनी "काय झालं?" विचारायच्या आत तीही पळायला लागली. त्यांना पाहून समोरचा बायोलॉजीचा क्लास रिकामा झाला, मग फिजिक्सचा, मग शेजारची मेस, वाढपी हातात वरणाची बादली घेऊन. बघता बघता आख्खा रस्ता माणसांनी भरला. एक म्हणे आपल्याला सकाळपासूनच गरगरत होतं. दुसरा म्हणे आमचं कुत्रं काल जेवलंच नाही.

"आवो काही न्हाई झालं! माझा कम्प्युटर हाय तो!" मुनीब दारातून ओरडत होता. पण पळणाऱ्या लातूरकराला थांबवणं कुणाच्या बापाला जमलंय? तेवढ्यात त्याला आठवलं, खातूनबी आतच आहेत. तो धावत माघारी गेला.

"खाला, भिऊ नका. काही झालेलं न्हाई."

"मी कुठं भ्याले?" खातूनबी खुर्चीत तशाच बसलेल्या. "बुशराचे अब्बा गेले का?"

"गेले."

"कुठवर?"

मुनीबनं वाकून पाहिलं. "दुभाजकावर हायेत."

"मंग ठीक हाय. जरा पाणी दे बेटा."

बाहेर गुरुलिंग सरांनी खडू धरलेल्या हातानंच चार ठिकाणी फोन लावले. औसा, उदगीर, किल्लारी, कुठंच काही नाही. तसे लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि "आधी कोण पळालं?" असा सूर निघाला. दुभाजकावर लालमहंमद चाचा अनवाणी उभे होते. चपलांचा व्यापारी, अनवाणी! आणि मुठीत मुनीबच्या हातातून हिसकलेला काउंटरच्या कम्प्युटरचा माऊस, तुटक्या वायरीसकट.

चाचांचा चेहरा लालबुंद झाला. "हसून काय राहिलात? मी सोत्ता बघितलं! आधी कम्प्युटर हाललं, मंग छत वाजलं!"

"खरं हाय!" गौरम्मा पुढे झाल्या. "मी बी बघितलं. कम्प्युटरला आधी कळलं, त्येनंच सांगितलं."

हसणं थांबलं. कम्प्युटरला आधी कळलं? सगळ्या माना दारात आलेल्या मुनीबकडे वळल्या. मुनीबनं तोंड उघडलं, खरं काय ते सांगायला, आणि त्याची नजर चाचांवर गेली. चाचा त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्या बघण्यात त्याला आपला निकाह दिसला, होणारा आणि मोडणारा, दोन्ही.

"हाललं," मुनीब म्हणाला. "कम्प्युटर हाललं, हे तर खरंच हाय."

चाचांनी माऊस त्याच्या हातात दिला, आत जाऊन चपला घातल्या आणि "कळवतो" एवढंच बोलून ते खातूनबींना घेऊन मुरुडच्या गाडीला गेले.

सोमवारी कॅफे उघडायला मुनीब आला तर दारात रांग. भूकंप आधी कळणारा कम्प्युटर बघायला माणसं आली होती. बघून जातील तर शपथ! "आमच्या घरच्यात बी टाकून द्या." मुनीबनं जीव तोडून सांगितलं की ही नुसती सजावट आहे, भूकंपाचा आणि हिचा काडीचा संबंध नाही. लोक डोळे मिचकावून म्हणायचे, "सरकारनं सांगू नका म्हणलं आसंल. आमी कुठं बोलणार न्हाई. टाका तुम्ही." शेवटी तो सीडी घेऊन घरोघर हिंडायला लागला. एका घरी त्यानं प्रामाणिकपणे ते हलणं बंद करून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ भांडायला हजर. "शेजाऱ्याचं हालतंय, आमचंच का हालत न्हाई? आमी काय मरावं का?"

गंमत अशी की भूकंपासाठी घेतलेलं ते उबुंटू माणसं दुसऱ्याच कारणांनी जपायला लागली. गुरुलिंग सर स्वतः खाली येऊन म्हणाले, "मुनीब, आठ दिवस झाले, माझा एक पेपर गायब झाला नाही! मला वाटायचं पोरंच चोरतात." गौरम्मांनी गावाकडचा धूळ खात पडलेला कम्प्युटर मागवून घेतला, त्यावर अंजू टेस्ट सोडवायला लागली आणि दुरुस्तीवाल्याचं तोंड बघायची वेळ आली नाही. "सोपं हाय बाई, मला बी लावता येतंय," असं गौरम्मा तळमजल्यावरच्या सगळ्या आयांना सांगत सुटल्या. जिथं जावं तिथं उबुंटू. जावेद फोनवर हसून हसून लोळला.

एकटा मुनीब मात्र वाळत चालला होता. मुरुडहून निरोप नाही. आणि रोज नवं घर हलवताना त्याच्या मनात यायचं, आपण सासऱ्याला फसवून बायको आणणार? उद्या जगानं सांगण्यापेक्षा आज आपणच सांगितलेलं बरं. त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर तो मुरुडच्या एसटीत बसला.

चाचा दुकानात होते आणि समोर माणसं जमली होती. "मी बेधडक उठलो," चाचा सांगत होते, "आणि लोकांना म्हणलं, घाबरू नका, एकेक करून भायेर व्हा!" मुनीबला पाहताच त्यांनी त्याला घाईघाईनं मागच्या घरात नेलं.

"चाचा, एक बोलायचं होतं." मुनीब म्हणाला. "त्या दिवशी भूकंप झालाच न्हाई. ती सजावट हाय, बटणावर चालती. वर पोरांनी बाकं सरकवली. मी तवाच सांगायला पायजे होतं, पण मला बुशराशी लग्न करायचं होतं. चुकलं माझं."

चाचांच्या आवाजानं छत हललं. "म्हंजे मी बेअक्कल? मुरुडभर सांगून बसलो मी! रिश्ता कॅन्सल! चल निघ!"

मुनीब उठला. आणि एकदम खातूनबी हसायला लागल्या. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसले होते मी. हाललं आसतं तर आधी माझे गुडघे बोलले आसते."

"मंग तू बोलली का न्हाईस?" चाचा ओरडले.

"आठवतंय का, खऱ्या भूकंपाच्या पहाटे बी आसंच झालं होतं. तुम्ही एका उडीत अंगणात, अन् मी अन् तीन वर्षांची बुशरा आत पलंगावर. इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलले का मी? तुमची इज्जत ती माझी इज्जत." त्यांचं हसणं थांबलं. "पण हे पोरगं भायेर पळायचं सोडून मला बघायला माघारी आलं. माझी बुशरा आसल्याच घरात जाणार. तुम्ही न्हाई म्हणत आसाल तर दुकानात माणसं बसलीतच, त्यांनाच विचारू या का?"

चाचा बसले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "लालमहंमदभाई, ते कम्प्युटरवालं पोरगं हाय का? आम्हाला बी पायजे ते!" चाचांनी टोपी नीट केली, मुनीबच्या खांद्यावर हात टाकला आणि दार उघडून गरजले, "हाय की! पण जरा सबुरीनं. आमचे जावई हायेत ते, आधी चहा घेतील."

चहा बुशरानं आणला. मुनीबनं कप घेतला. चाचा बाहेर जाऊन पुन्हा "मी बेधडक उठलो" पासून सुरू झाले होते. बुशरानं दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "ते कम्प्युटरचं हालणं बंद करता येतं का हो?"

"येतं की. एका बटणावर."

"मंग आपल्या घरात बंदच ठेवा. अब्बा येत-जात राहतील."