अनुकूल भांडी

वजनमापे कार्यालयातल्या एका निरीक्षकाला संध्याकाळच्या जेवणानंतर घरची भांडी घासायला आवडत असे. ही बाब त्यानं वरिष्ठांपासून लपवून ठेवली होती असं नाही. वरिष्ठांनी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

ऑफिसात त्याला सगळे तोळामासा म्हणत. एक तर नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्याची, आणि अंगकाठी अशी की रस्त्यानं नुसता शर्टच चाललाय असं वाटावं. त्याचा स्वतःचा या नावाला आक्षेप नव्हता. खऱ्या नावानं हाक आली की ती कामासाठी असते, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

भांडी त्याच्याकडे आली ती तात्पुरता कार्यभार म्हणून. बायको पायरीवरून घसरली, तिचं मनगट मोडलं आणि प्लास्टर निघेपर्यंत सिंक तोळामासाच्या ताब्यात गेलं. पुढे प्लास्टर निघालं, मनगट पहिल्यासारखं झालं, पण यानं कार्यभार काही परत केला नाही. कारण मधल्या काळात त्याला एक शोध लागला होता. घरात माणूस खुर्चीत बसला की त्याला कोणीही काहीही विचारतं. पलंगावर पडला की उठवतं. पण सिंकपाशी उभा असला की त्याच्या आसपास कोणी फिरकत नाही. न जाणो, हातात फडकं यायचं! तेव्हा नळ बारीक सोडायचा, आधी पेले, मग बशा, मग ताटं, शेवटी पातेली. तोंडानं एका जुन्या चालीच्या दोन ओळी, आणि तिसरी आठवत नसल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर दुकानदारांशी हुज्जत घालून तापलेलं डोकं शेवटचं पातेलं पालथं घालेपर्यंत निवलेलं असे.

तेवढ्या वेळात बायको बाहेरच्या खोलीत स्टुलावर पाय पसरून शब्दकोडं सोडवी. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला जेवल्यावर लगेच बसायला मिळत होतं आणि हे सुख बोलून दाखवलं तर दृष्ट लागेल अशा बेतानं ती ते गुपचूप भोगत होती. मधूनच ती ओरडे, "अहो, 'हट्टी', चार अक्षरी?" आतून उत्तर येई, "तुझं नाव बसतंय का बघ." दोघंही सुखात होती, आणि त्याची नोंद कुठेही नव्हती.

नोंद झाली ती ऑफिसात आरोग्य तपासणी आली तेव्हा. एकेकाचे आकडे बघून डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. साहेबांचा रक्तदाब पाहून तर त्यांनी पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून पाहिला, पण तिकडेही साहेबच निघाले. मग तोळामासा आला, आणि त्याचे सगळे आकडे पुस्तकात छापल्यासारखे आले.

"सकाळी चालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बस पकडायला पळतो."

"खाण्यात काही विशेष?"

"बायको वाढेल ते."

"मग छंद काहीतरी असणारच."

तोळामासानं प्रामाणिकपणे विचार केला. "भांडी घासतो," तो म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत, ही पहिली चूक. त्यांनी ते लिहून घेतलं, ही दुसरी. तिथून तो कागद साहेबांकडे गेला, साहेबांनी तो मुख्यालयात पाठवला आणि मुख्यालयाला त्या सुमारास काहीच काम नव्हतं. थोड्याच दिवसांत 'गृहछंद आरोग्य अभियाना'चं परिपत्रक आलं: सर्व पुरुष कर्मचाऱ्यांनी निरामय आयुष्याकरिता रोज संध्याकाळी भांडी घासण्याचा छंद जोपासावा व त्याचा आनंद घ्यावा. आनंद न घेतल्यास लेखी खुलासा करावा.

परिपत्रकाच्या प्रती टाइप करता करता टायपिस्ट बाई थांबल्या. "साहेब, यात नुसते पुरुष कर्मचारीच आहेत. आम्ही घासतो त्याचं काय?"

प्रश्न धोरणात्मक असल्यामुळे साहेबांनी तो वर पाठवला. उत्तर आलं: महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सदर कृती हे काम असल्यामुळे ती छंद म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. ते उत्तरही बाईंनाच टाइप करावं लागलं. त्यांनी पूर्णविराम असा दाबला की कागदाला भोक पडलं.

"भांडं तेच, साबण तोच," त्या म्हणाल्या.

"भांडं तेच हो," साहेब म्हणाले, "पण प्रयोजन वेगळं."

पाठोपाठ छंदाची व्याख्या आली. छंद हा ऐच्छिक असतो; म्हणून घरात भांडी घासायला दुसरी सक्षम व्यक्ती उपलब्ध असेल तरच पुरुषाचं घासणं छंद ठरेल, अन्यथा ते काम समजलं जाईल. तोळामासानं हे घरी येऊन समजावून सांगितलं.

"म्हणजे मी घासू शकते असं मी सांगितलं, की तुम्ही घासायचं?" बायकोनं विचारलं.

"बरोबर."

"आणि मला जमत नाही म्हटलं तर?"

"तर ते काम होतं. मग त्याचा आरोग्याला काही उपयोग नाही."

बायकोनं हातातलं शब्दकोडं खाली ठेवलं. "अहो, असला विचार करायला तुमच्याकडे पगारी माणसं आहेत?"

"मोठ्या पगाराची आहेत," तोळामासा म्हणाला. मनगट ठणठणीत असल्याचं तिनं सांगून टाकलं, आणि तिथेच सगळं अंगाशी आलं.

कारण मूळ छंदिष्ट म्हणून तोळामासाचं स्वयंपाकघर 'आदर्श प्रात्यक्षिक केंद्र' घोषित झालं. मुख्यालयातून एक पडताळणी अधिकारी आला. त्यानं सिंकमध्ये डोकावून पाहिलं आणि दचकून मागे सरकला. एवढी खरकटी भांडी पाहून मनाला शांती मिळेल कशी? त्यानं भांड्यांची विभागणी केली. काचेचा पेला आणि बशी ही अनुकूल भांडी. शक्यतो आधीच धुतलेली असावीत. तेलकट, चिकट, करपलेली ती सगळी प्रतिकूल. तारेची घासणी हिंसक म्हणून बाद.

"मग प्रतिकूल भांडी कोणी घासायची?" तोळामासानं विचारलं.

"उपलब्ध सक्षम व्यक्तीनं," अधिकारी म्हणाला. सक्षम व्यक्ती दारात उभी राहून ऐकत होती.

रोज संध्याकाळी सहकारी जथ्यानं येऊ लागले. तोळामासा स्वच्छ पेला हातात घेऊन नळाखाली फिरवत राही आणि बाकीचे खुर्च्यांवर बसून 'वा' म्हणत. गुणगुणणं बंद झालं. दोनच ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्यानं शिकाऊ मंडळींचं लक्ष विचलित होतं अशी तक्रार आली होती. पाहुणे म्हटले की चहा आला. चहा म्हटला की कप आले. पाहुण्यांनी वापरलेले कप प्रतिकूल. त्यामुळे मंडळी गेल्यावर बायको एकटी सिंकपाशी उभी राही, आणि मनगट मोडण्याच्या आधी घासत होती त्याहून जास्त भांडी घासून मगच आडवी होई. न सोडवलेली कोडी फ्रिजवर साठत चालली.

अभियान मात्र जोरात होतं. दुकानांत सुवासिक साधना-साबण आला, मऊ घासणी आली, उभं राहण्यासाठी गुबगुबीत गादी आली. साहेबांनी तिन्ही घेतली. ते रोज एक बशी घेऊन डोळे मिटून उभे राहत. त्यांच्या पत्नी तेवढ्या वेळात बाकीची भांडी न्हाणीघरात नेऊन घासत. साधनेत आवाजाचा व्यत्यय नको.

पुढच्या तपासणीत तोळामासाचा रक्तदाब चढलेला निघाला.

"आकडा वर कसा गेला?" साहेब हादरले. "अहो, तुम्ही आमचा नमुना आहात!"

"साहेब, घरात गर्दी होते. आणि भांडी घासायला मिळत नाहीत."

"रोज तर घासताय!"

"पेला घासतो साहेब. भांडी नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. आता केंद्राची अंतिम परीक्षा आहे. पास झालात की केंद्र कायम."

"कायम म्हणजे कधीपर्यंत?"

"कायम म्हणजे कायम. तुमच्या निवृत्तीनंतरसुद्धा," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं ही आनंदाची बातमी आहे.

तोळामासा घरी आला तेव्हा बायको कालचे कप विसळत होती. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि मान खाली होती. त्याला वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. एका माणसाला संध्याकाळी स्टुलावर पाय ठेवता यावेत एवढंच या सगळ्यातून चांगलं निघालं होतं, आणि ते त्याच्याच तोंडातून गेलेल्या दोन शब्दांनी घालवलं होतं. त्यानं खिडकीचा पडदा ओढला, दाराला कडी लावली आणि चोरी करावी तसे उरलेले कप धुऊन काढले. कप झाले, तशी त्यानं परीक्षेची बातमी सांगितली.

"आणि नापास झालात तर?" बायकोनं विचारलं.

"तर केंद्र रद्द. बेअब्रू होईल थोडी."

"किती?"

"आपल्याला परवडेल एवढी."

बायकोनं फ्रिजवरच्या गठ्ठ्यातलं एक कोडं खाली काढलं.

परीक्षेला अधिकारी रक्तदाबाचं यंत्र घेऊन आला. साहेब त्याच्या मागोमाग आले. दोघं स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसले. तोळामासा धुतलेला पेला धुऊ लागला. बायकोनं हसून स्वागत केलं, चहासाठी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, आच मोठी केली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन कित्येक दिवसांनी स्टुलावर पाय ठेवले.

"अहो," बाहेरून आवाज आला, "'सुटका', तीन अक्षरी?"

तोळामासानं पातेल्याकडे पाहिलं. दूध वर आलं, उतू गेलं, खाली बसलं आणि तळाला लागायला लागलं. त्याचा हात सवयीनं गॅसकडे गेला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो आखडता घेतला.

"मुक्तता," तो म्हणाला.

"बसलं बरोबर!"

घरभर करपल्याचा वास सुटल्यावर बायको आत आली. तिनं बूड काळंठिक्कर झालेलं पातेलं फडक्यानं धरून सिंकमध्ये, नेमकं नवऱ्याच्या हातातल्या पेल्याखाली ठेवलं.

"बाई, हे प्रतिकूल आहे!" अधिकारी ओरडला.

"माहीत आहे. पण दुधाचं पातेलं घरात एकच. हे निघाल्याशिवाय चहा नाही."

अधिकाऱ्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी अधिकाऱ्याकडे. "चहापुरती सवलत देता येईल," अधिकारी म्हणाला. "घासा तुम्ही."

"आज मनगट दुखतंय माझं."

"म्हणजे घरात सक्षम व्यक्ती उपलब्ध नाही?"

"आज तरी नाही."

"उद्या?"

"हाडाचं दुखणं. काय सांगावं?" बायको म्हणाली, आणि पुन्हा स्टुलाकडे गेली.

तोळामासानं डब्यामागे लपवलेली तारेची घासणी काढली. बाह्या सरसावल्या. पातेलं पोटाशी धरून तो असा तुटून पडला की शिंतोडे साहेबांच्या चष्म्यापर्यंत गेले. कपाळाला आठ्या पडल्या, घाम आला, दात आवळले गेले. आणि त्या आवळलेल्या दातांतून जुन्या चालीच्या दोन ओळी आपोआप बाहेर पडू लागल्या.

अधिकाऱ्यानं तशाच अवस्थेत त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा छापल्यासारखा आला. त्यानं यंत्र हलवलं, फुंकर मारली, पुन्हा बांधलं. पुन्हा तोच आकडा.

"यंत्र बिघडलंय."

"सोडल्यावर काटा शून्यावर येतोय ना?" तोळामासा धंद्यातल्या सवयीनं म्हणाला. "मग यंत्राला काही झालेलं नाही."

"यंत्र बरोबर असेल तर तुम्ही काम करताय आणि तरीही तुमची तब्येत चांगली आहे. असा रकानाच नाही आमच्याकडे!"

निकाल जागेवरच लागला. सदर व्यक्ती भांडी घासते ती केवळ भांडी खराब झालेली असतात म्हणून. छंदाचा मागमूसही आढळत नाही. केंद्र रद्द. साहेब कमालीचे दुखावले. चहा न घेताच दोघं गेले आणि त्यामुळे दोन कप वाचले.

केंद्र साहेबांच्या घरी हलवण्यात आलं. एकच बशी सातत्यानं घासल्याबद्दल साहेबांना पुढे पितळेची ढाल मिळाली. ती बैठकीच्या खोलीत दिसेल अशी ठेवलेली आहे. पितळ काळं पडतं, त्यामुळे ती वरचेवर घासावी लागते. ते साहेबांच्या पत्नी बघतात. ऑफिसात तोळामासाच्या नावापुढे 'छंद नाही' असा शेरा पडला, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरी कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी आत नळ बारीक वाहतो, बाहेर स्टुलावर पाय असतात.

तर अशी ही हकिकत. ती वाचून तुमची करमणूक झाली असेल. वाचन हा घरच्या घरी जोपासता येण्याजोगा उत्तम छंद आहे. खुर्चीत टेकावं, पाय वर घ्यावेत, मन कसं प्रसन्न होतं. आता घटकाभर थांबून जरा कान द्या. आत भांड्यांचा आवाज येतोय? येत नसेल, तर तुम्ही नुकतेच हात पुसून टेकला असाल, आणि यातलं तुम्हाला काहीच नवीन नाही. येत असेल, तर तो घरात कोणाचा छंद आहे, एवढं उठून विचारून या. फक्त जपून जा. हातात फडकं येईल.