सयाजीराव पोरं धरून आणायला निघाले

"या रविवारी पुढचे बाक तरण्या पोरांनी भरले नाहीत, तर मी मंडळीचं पंचपद सोडतो!" पिंपरीच्या चर्चमध्ये भर बैठकीत सयाजीरावांनी पैज मारली. साल १९७८. मंडळीतली पोरं कारखान्यांत लागली होती, आणि रविवार आला की शिफ्ट, ओव्हरटाइम, नाहीतर झोप! सयाजीरावांनी नवा तबला आणला, उपासनेनंतर भजी ठरवली, पोरांच्या खोल्याखोल्यांत जाऊन दम भरला.

रविवार उजाडला. घंटा झाली. पुढच्या बाकावर एकटा तबला बसला होता!

"पोरं सायकलींवरून टॉकीजच्या रस्त्यानं गेली हो. विलास सगळ्यांच्या पुढं," उशिरा आलेल्या सुमनताईंनी दारातूनच खबर दिली.

"सिनेमा? प्रभूच्या दिवशी? पाळकसाहेब, तुम्ही गीत सुरू करा. एकेकाला कानाला धरून आणतो!"

कोट, टाय, काखेत बायबल. टॉकीजच्या डोअरकीपरनं हात आडवा घातला. "तिकीट?"

"मी सिनेमा बघायला आलेलो नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

शेवटी बाल्कनीचं तिकीट काढावं लागलं. आत मिट्ट काळोख. चाचपडत गेले, तर समोर रांगेत पोरांची डोकी! सयाजीरावांनी हाताला लागला तो कान पिळला. "विलास, ऊठ! देवाला काय तोंड दाखवशील?"

"अहो चाचा, मी अन्वर! गॅरेजवाला!"

मागून शिट्ट्या पडल्या. "ओ पाद्रीबाबा, खाली बसा!" बॅटरीचा झोत थेट सयाजीरावांच्या टायवर आला.

अन्वरनंच कान चोळत त्यांना बाहेर आणलं. "विलास कशाला येतोय इथं? ती सगळी याच रस्त्यावरच्या दवाखान्यात आहेत. काल भोसरीत कारखान्यात खंडूचा हात प्रेस मशीनमध्ये सापडला. तुम्हाला ठाऊक नाही?"

खंडू! चर्चची पायरी न चढणारा म्हणून सयाजीरावांनी ज्याला 'वाया गेलेलं पोर' ठरवलं होतं, तो. ते तसेच दवाखान्याकडं धावले.

विलास बाही वर करून बसला होता, नुकतंच रक्त देऊन. दुसरा एकजण खंडूला चमच्यानं पेज भरवत होता.

"काका, काल सांगायलाच आलो होतो," विलास हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही म्हणालात, सबबी नकोत, उद्या वेळेवर ये. अन् दार लावलंत."

सयाजीरावांनी पलंगाशी उभं राहून प्रार्थनेला हात जोडले. सभेत प्रार्थनेला उभा राहिला की लवकर न बसणारा हा माणूस, पण आज 'हे प्रभू'च्या पुढं शब्द फुटेना.

खंडूनं डोळे उघडले. उजव्या हाताला बँडेजचं गाठोडं, डाव्याला सलाइन.

"सलाम काका. प्रार्थना मागनं करा," तो कण्हत म्हणाला. "आधी पाठ खाजवा जरा. सकाळधरनं जीव चाललाय. या पोरांची नखं बघा, नुसती ग्रीसनं भरलीत!"

सयाजीरावांनी बायबल उशाशी ठेवलं. कोट काढला, बाह्या सारल्या आणि पलंगावर वाकले.

"इथं?"

"न्हाई, वर. अजून वर... हां!" खंडूनं डोळे मिटले.

"आमेन," विलास म्हणाला.