प्रकरण चारमधली सरळ समीकरणं

वेळ वाचवण्यासाठी माणसाने आजवर जेवढा वेळ घालवला आहे, तेवढा युद्धांवरही घालवलेला नाही. उत्तर जर्मनीतल्या आमच्या गणित विभागात हे कार्य अखंड चालू असते.

विबके ओल्टमानला शुक्रवारी डॉक्टरेटचा प्रबंध द्यायचा होता. नाही दिला तर नोकरीचा करार संपणार आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार. चौथ्या प्रकरणातल्या सिद्धतेत एक पायरीच गायब आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. तेव्हा साहजिकच तिने सगळा प्रबंध संगणकावरच्या जुन्या अक्षरजुळणी-प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवायला घेतला.

मॅक्रो म्हणजे आपणच बनवलेली छोटी आज्ञा. ती एकदा लिहिली, की दहा अक्षरांचे काम दोन अक्षरांत भागते. (लिहायला आठवडा लागतो, रविवार धरून.) जुन्या प्रणालीतल्या प्रत्येक अडचणीवर विबकेचा एक मॅक्रो होता. नव्या प्रणालीत त्या अडचणीच नव्हत्या. ही त्रुटी दूर करण्यासाठी तिने आधी अडचणी निर्माण करणारे मॅक्रो लिहिले. मग जुने मॅक्रो छान चालू लागले.

"अगं बाई, ती पायरी कधी घालणार?" शेजारच्या टेबलावरच्या हेनिंगने विचारले.

"आधी समीकरणं एका रेषेत येऊ देत रे. वाकड्या पानावर डोकं चालतं का कुणाचं?"

हेनिंगला पटले. त्याचा स्वतःचा प्रबंध अजून पानाचे समास आखण्यातच अडकला होता.

प्रबंध वेळेवर गेला, पायरीविना. तोंडी परीक्षेत समितीने तळटिपांवर विचारले, मग शीर्षकांखालच्या मोकळ्या जागेवर. विबकेला जीव नकोसा झाला. शेवटी तीच म्हणाली, "सर, चौथ्या प्रकरणातली सिद्धता अपुरी आहे हो."

समितीतल्या प्राध्यापक गेर्लाखांनी पान उघडले. "फ्राऊ ओल्टमान, बरोबरीची चिन्हं बघा कशी एकाखाली एक उभी आहेत! अशा पानावर चूक असेलच कशी? ते मॅक्रो तेवढे मला पाठवा."

सर्वोच्च श्रेणी एकमताने मिळाली. रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी तिच्यासाठी पुठ्ठ्याची डॉक्टरी टोपी बनवली आणि त्या टोपीवर तिचे मॅक्रो छापून चिकटवले. (प्रबंधातले काय चिकटवावे हे कुणाला सुचेना, तो कुणी वाचलाच नव्हता.) टोपीखाली विबके ढसाढसा रडली. आनंदाने, असे सर्वांचे मत पडले.

तिचा प्रबंध नेमका कशावर होता, हे सांगायचे राहूनच गेले. पण वाचकहो, तुम्ही तरी कुठे विचारलेत?