जिवंत माणसाचं सुतक

बिराजदार सरांना चेष्टा कळत नाही. म्हणजे अजिबातच नाही. स्टाफरूममध्ये एकदा चहाला उशीर झाला तेव्हा मी म्हणाले, "आता चहा आला नाही तर मी जीव देईन." सर उठले आणि खिडकी बंद करून आले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो.

सर आमच्या सोलापुरातल्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरतील याचा नेम नाही. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि तोंडात एकच वाक्य : "बोललास न्हवं? आय्तु!" आय्तु म्हणजे झालं, संपलं. बोललेला शब्द सरांच्या दरबारात परत घेता येत नाही. एका खेळाडूनं सराव चुकवायला गुडघा मुरगळल्याचं सांगितलं, तर सरांनी त्याला जमिनीला पाय लावू दिला नाही. संघातली पोरं त्याला आळीपाळीनं पाठीवर घेऊन वर्गात, लायब्ररीत आणि माणूस जिथं एकटाच जातो तिथंसुद्धा पोचवत होती. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, मी खोटं बोललो." सर म्हणाले, "आता हे बी खोटं न्हाई कशावरनं?"

तर ही गोष्ट सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. खो-खोचा आंतरमहाविद्यालयीन कप आमच्या कॉलेजला कधीच मिळाला नव्हता, आणि सरांची सगळी नोकरी त्याची वाट बघण्यात गेली होती. यंदा मात्र समाधान होता. सांगोल्याकडचा, मेंढरांमागं पळून तयार झालेला. खांबावरून सूर मारला की समोरचा गडी बाद झालाच म्हणून समजा. सर त्याच्यासाठी घरून डब्यात मोड आलेली मटकी आणत. "यंदा कप आपलाच मॅडम," असं मला रोज सांगत. मला खेळातलं काही कळत नाही, पण सरांचा तो चेहरा बघून मीही मनातल्या मनात त्या कपासाठी कपाटात जागा करून ठेवली होती.

आणि नेमकं स्पर्धेच्या तोंडावर या समाधाननं माने मामांना मोबाइलवर मारून टाकलं.

माने मामा आमचे वॉचमन. जोडीदार रजेवर, म्हणून रात्रपाळीवरच दिवसपाळी करत होते. खुर्चीत त्यांचा डोळा लागला. समाधान आणि कंपनीनं त्यांचा फोटो काढला, मोबाइलवरच त्याला हार घातला, वर लिहिलं 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल : खो-खो संघ'. ते स्टेटसला ठेवून पोरं हसत बसली. दुपारपर्यंत फोटो मोहोळला पोचला. मामांची लेक सुनंदा तिथं दिलेली. मामांचा फोन नेहमीप्रमाणं चार्जिंग संपून बंद. ती मिळेल त्या गाडीनं निघाली आणि टाहो फोडत आमच्या गेटवर आली. गेट उघडायला अर्थातच मामा गेले. लेकीला तशी बघून त्यांनाही रडू फुटलं. "कोण गेलं गं बाय?" त्यांनी विचारलं. सुनंदानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि तिथंच बेशुद्ध पडली.

शिस्त समिती बसली. मी त्या समितीत आहे, कारण एखादी बाई असावी लागते. प्राचार्यांना फक्त स्पर्धा दिसत होती. माफीनामा लिहून घ्या आणि मिटवा, असं त्यांचं म्हणणं. बिराजदार सर उभे राहिले.

"माफीनामा ऱ्हाऊ द्या. संघाला सुतक हाय. तेरावा होईस्तोवर कुणी खेळणार न्हाई."

"अहो, स्पर्धा त्याच्या आत आहे!" प्राचार्य ओरडले. "आणि माणूस जिवंत आहे!"

"पोरांनी गेला म्हणून गावभर सांगितलंय की सर. शोकाकुल म्हणून खाली सोताचं नाव टाकलंय. शोकाकुल माणूस पळंल कसा?"

मामा दाराशी उभे होते. हात जोडून म्हणाले, "सर, म्या हाय की हितं. सोडा पोरास्नी."

"मामा, तुमी मधी बोलू नका," सर शांतपणे म्हणाले. "तुमी आता आमच्यात न्हाईत."

सर स्वतः लिंगायत. त्यांच्यात सुतक पाळतच नाहीत. मी हे हळूच सुचवून बघितलं. "माझं कुटं हाय मॅडम? ज्यानं नाव टाकलं त्याचं हाय," एवढं बोलून त्यांनी मला गप्प केलं.

मग सुरू झालं ते आजवर कुठल्या कॉलेजनं बघितलं नसेल. संघानं दाढ्या करायच्या नाहीत, गोडधोड खायचं नाही, कुणाच्या वाढदिवसाला जायचं नाही. कर्ता म्हणून समाधानचं डोकं भादरायचंही ठरत होतं, पण मामा आडवे पडले. "माझ्या जिवंतपणी ह्ये हुणार न्हाई," म्हणाले, आणि समाधानची झुलपं वाचली. सरांनी अख्खा संघ एसटीत घालून मोहोळला नेला. जिथं जिथं बातमी पोचली होती त्या प्रत्येक दारात समाधाननं उभं राहून सांगायचं, "मामा जिवंत हायेत, म्या खोटं टाकलं." एक म्हातारी भडकली. "म्या गार पान्यानं आंगुळ केली त्येच्या नावानं. ती कशी परत घिऊ?" सुनंदाच्या दारात तर समाधानला वाक्यही पुरं करता आलं नाही. तिनं त्याला पाणी दिलं, तेव्हा तो हुंदके देऊन रडला.

आता खेळू द्या, असं आम्ही सगळे म्हणालो. सर हलले नाहीत. त्यात स्पर्धा होती आमच्याच मैदानावर. आमच्या धडधाकट पोरांनी दाढ्या वाढवून दुसऱ्यांसाठी फक्की मारून मैदान आखलं, दुसऱ्यांना पाणी दिलं. कप बार्शीकडच्या पोरांनी नेला. सरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य त्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. असा कसला हट्ट, असंच मला वाटत होतं.

तेराव्याला संघानं कॉलेजच्या मागं चूल मांडली. खपली गव्हाची खीर, भात, आमटी. समाधान वाढायला. मामा नवं धोतर नेसून आपल्याच तेराव्याला ऐटीत बसले होते, शेजारी सुनंदा. सर बाहेर पायरीवर एकटेच बसलेले दिसले. मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, "सर, शेवटचं वर्ष होतं तुमचं. एका चेष्टेपायी कप घालवलात."

सरांनी एकदा मैदानाकडं बघितलं.

"आमची बायको गेली तवा मी टीम घिऊन परगावी होतो," ते म्हणाले. "मला कुणी फोन केला न्हाई. कसं सांगावं म्हणून कचरले आसतील. भावकीच्या ग्रुपवर वाचलं. फोटो, हार, खाली समद्यांनी हात जोडलेले. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीया. एसटीत बसलो आन् घर येईस्तोवर एकच मागत होतो. सिद्धेश्वरा, चेष्टा निघू दे. ज्यानं केली त्याला मी काय बी बोलणार न्हाई, पण चेष्टा निघू दे."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मामांच्या पोरीची निघाली, मॅडम," सर म्हणाले. "मी लई खूश हाय."

आतून मामांनी हाक मारली, "सर, या की, पानं वाढलीत!" सरांनी रुमालानं डोळे पुसले आणि आत जाऊन मामांच्या शेजारी बसले.