पंचावन्न मिनिटांत पुकाल्पा

"इकितोस ते पुकाल्पा, अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, वेळ पंचावन्न मिनिटं," अशी वैमानिकानं घोषणा केली आणि खिडकीपाशी बसलेल्या डॉन एलेउतेरियोंचं डोकं फिरलं.

एकतीस वर्षं त्यांनी या दोन गावांमध्ये नदीतून बोट चालवली होती; गेली सहा-सात वर्षं मात्र ती इकितोसच्या आसपासच फिरायची. प्रवाहाविरुद्ध चार दिवस. पाणी आटलेलं असलं तर पाच.

"साफ खोटं!" ते शेजारच्या बाईंवर कडाडले. "हजाराच्या वर अंतर आहे!"

"विमान सरळ जातं हो, काका."

"सरळ? उकायाली नदी कुठं सरळ आहे? वळणं काय ह्यांच्या बापानं बुजवली?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. डॉन एलेउतेरियो मात्र बोलतच राहिले. तिकीट पुकाल्पाला राहणाऱ्या मुलीनं, मार्लितनं पाठवलं होतं. तिला पहिलं बाळ झालं होतं, म्हणून केवळ ते या डब्यात शिरले होते. मांडीवर खारवलेल्या माशाचं गाठोडं होतं, आणि त्याचा वास तीन रांगांपर्यंत पोचला होता.

थोड्याच वेळात विमान उतरलं. पुकाल्पाचे लोक उठून उतरले. डॉन एलेउतेरियो हलले नाहीत.

हवाई सुंदरीनं याच विमानानं पुढे लिमाला जाणारी माणसं मोजली. एक जास्त भरलं. पुन्हा मोजली, तरी एक जास्तच. तिकिटं तपासत ती डॉन एलेउतेरियोंपाशी आली.

"काका, तुमचं पुकाल्पा आलं. उतरा."

"मला खुळा समजतेस? अजून रेकेना लागलं नाही, कोंतामाना लागलं नाही, पुकाल्पा कसं येईल?"

"ती गावं खालून गेली."

"मग मला न दाखवता कशी गेली?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, उतरा की! आम्हाला लिमाला लग्न गाठायचंय!"

वैमानिक बाहेर आला. त्यानं खिडकीतून इमारतीवरचं गावाचं नाव दाखवलं. "पाटी काय, कुणीही लावतं," डॉन एलेउतेरियो म्हणाले. एवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"पापा, सगळे बाहेर आले. तुम्ही कुठंय?"

"वाटेत. ह्या लबाडांनी मध्येच कुठंतरी थांबवलंय."

"पापा, मला तुमचं विमान समोर दिसतंय!"

ते उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो अपमान त्यांनी गाठोड्यासकट उचलला आणि तरातरा बाहेर आले. मार्लित बाळाला घेऊन उभी होती.

"काय दिवस आलेत!" लांबूनच ते गरजले. "खरंच पंचावन्न मिनिटांत आणलं गं ह्यांनी मला!"

मार्लित हसली नाही.

"हेच मी सहा वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणायचात, तिकीटवाले खोटं बोलतात. माझ्या लग्नाला नाही आलात. आजारी पडले, तेव्हा नाही आलात. जायला चार दिवस, यायला तीन दिवस, बोट कोण बघणार, म्हणालात." तिचा आवाज चढत गेला. "पंचावन्न मिनिटं, पापा! एवढ्या वेळात माझा राजमासुद्धा शिजत नाही नीट!"

डॉन एलेउतेरियोंनी तोंड उघडलं. बोट वाळूत रुतली की ते दरवेळी नदीला दोष देत आले होते. आता त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. विमानतळावर नदी नव्हती.

"आण इकडं त्याला," ते हळूच म्हणाले आणि बाळासाठी हात पुढे केले.