दिव्यदृष्टीच्या पहिल्या लाभार्थी

अंध प्रवाशांना कचेरीत हेलपाटे पडू नयेत, या उदात्त हेतूने प्रवासी सुविधा मंडळाने 'दिव्यदृष्टी' नावाचं अ‍ॅप काढलं आणि मोफत बसपाससाठी ते सक्तीचं केलं. सिहोरच्या रसीलाबेन गोहिल जन्मांध. भावनगरच्या एका दवाखान्यात त्या फोन घ्यायचं काम करत, त्यामुळे बस रोजचीच. त्यांचा मोबाइल पडद्यावरचं सगळं बोलून दाखवी, म्हणून त्या निर्धास्त होत्या.

अ‍ॅप उघडताच मोबाइल म्हणाला, "बटण. बटण. विनानावाचं बटण." चाचपडत त्या पुढे सरकल्या. "चेहरा चौकटीत धरून पापण्या मिचकावा."

रसीलाबेनच्या पापण्या जन्मापासून मिटलेल्या. अ‍ॅपने निर्वाळा दिला, "आपण जिवंत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"बेन, जरा डोळे उघडा ना," तिकडचा माणूस म्हणाला.

"उघडून दिसलं असतं तर तुमचा पास कशाला मागितला असता, भाई?"

"नियम सगळ्यांना सारखा. आम्ही अंधांना वेगळं वागवत नाही."

शेवटी शेजारच्या तरलाबेन कणकेच्या हातांनी धावत आल्या. "आण गं इकडे ते कार्टं!" म्हणत त्यांनी स्वतःच्या पापण्या मिचकावल्या. अ‍ॅप खूश झालं. "अभिनंदन! आपली दृष्टी उत्तम आहे. अंध-पास रद्द करण्यात येत आहे."

रसीलाबेन तडक मंडळात गेल्या. पासविभागाचे अधिकारी असलेल्या वोरासाहेबांनी संगणकात डोकं घातलं. "दोन्ही डोळे ठणठणीत आहेत की!"

"साहेब, मी समोर बसलेय. माझ्याकडे बघा."

"असं बघून कसं चालेल? नोंद बघावी लागते." मग त्यांचा आवाज एकदम गहिवरला. "अ‍ॅपमुळे दृष्टी आलेल्या तुम्ही पहिल्याच, बेन! वर्धापनदिनी सत्कार करू."

तिथे माइक असेल, एवढ्याच आशेवर रसीलाबेन गेल्या. शाल पडल्यावर त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला काहीही दिसत नाही. माझा पास परत द्या. मला कामावर जायचंय."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय हा विनय!" वोरासाहेब पुटपुटले. शेकडो मोबाइल उंचावले.

दुसऱ्या दिवशी रसीलाबेन तिकीट काढून कामावर गेल्या. संध्याकाळी तरलाबेन नाचतच आल्या. "अगं, लाखो लोकांनी पाहिलं तुला!"

"ऐकलं किती जणांनी?"

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला होता. आवाज बंद ठेवून तुम्ही तो पाहिलात, खाली बदामाचं चिन्ह टाकलंत आणि पुढे पाठवलात.